बाबांच्या गाण्याला आईचे शब्द

अर्धांगाचा झटका आल्यावर बाबांची वाचा गेली. तोंडातून नुसतं "बा... बा..." यायचं आणि ते स्वतःवरच चिडून डाव्या हाताने उशी फेकायचे. मी आठ दिवसांची रजा काढून पुण्याहून रत्नागिरीला आले होते. त्याला आता दोन वर्षं झाली. ऑफिसचं काम इथूनच, पडवीतल्या टेबलावर.

मी आल्यावर पंधराएक दिवसांनी समोरच्या घरी हळद होती. डीजेवर ते स्पॅनिश गाणं लागलं. बाबा बोटीवर नोकरीला होते तेव्हा कुठल्याशा बंदरातून त्याची कॅसेट घेऊन आले होते. तेव्हा सगळ्या आळीत ते फक्त आमच्याकडे वाजायचं. आता त्याला नवा ठेका लागलाय. गॅदरिंगला पोरं त्यावर नाचतात, लांज्याच्या स्टँडवर कुणाच्या तरी खिशात ते वाजतं, आणि अर्थ एकालाही ठाऊक नसतो. त्या दिवशी ते लागलं आणि बाबा कॉटवरून गायला लागले. स्वच्छ, कुठेही न अडखळता, शेवटच्या कडव्यापर्यंत.

मला रडू फुटलं. आई मात्र भडकली. "माझ्याशी बोलायला जीभ वळत नाही, आणि त्या बयेचं गाणं तेवढं पाठ!"

ती बया कोण, हे तिलाही माहीत नव्हतं. पण बाबा आठ-आठ महिने बाहेर, आणि या गाण्यावर तिचा पहिल्यापासून संशय. मी मोबाईलवर अर्थ शोधून तिला वाचून दाखवला. आपल्या माणसाला 'जाऊ नकोस' म्हणून विनवणाऱ्याचं गाणं निघालं.

"जायचे हेच, आणि गायचेही हेच," आई म्हणाली.

वाचा शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, अशा माणसांना बोलता आलं नाही तरी कधीकधी गाता येतं; हवे ते शब्द त्याच चालीत घालून बघा. चालीवर शब्द बसवणं आईला काय शिकवायचं! भजनी मंडळासाठी दर गणपतीत सिनेमाच्या चालीवर नवं भजन तीच बांधते. दुसऱ्या दिवशी विजेच्या बिलामागे गाणं लिहून तयार. पहिल्या ओळीत 'पाणी दे', दुसरीत पेज, तिसरीत 'पाठ दुखते, कुशीवर वळव'. चौथ्या ओळीच्या शेवटी दोन लांब सूर उरत होते. तिथे ती नुसती गुणगुणायची.

"इथे काय घालायचं?" मी विचारलं.

"काही नको. राहू दे तसंच."

मला कळलं. बाबा तिला 'अगो' म्हणायचे. बोटीवरून आले की सामान खाली ठेवायच्या आधी, फाटकातूनच हाक. ती हाक तिला हवी होती, आणि मागून घ्यायची लाज वाटत होती.

पाण्याला तीन आठवडे लागले, पेजेला त्याहून जास्त. रोज सकाळ-संध्याकाळ तेच. आईने पहिला सूर धरल्याशिवाय बाबांना पुढे सरकता येईना, आणि मी शिकवायला बसले की ते तोंड फिरवायचे. आईचं भजन सुटलं. मला तर त्या गाण्याचा इतका उबग आला की भाट्याच्या किनाऱ्यावर कुणाच्या गाडीत ते ऐकून मी तडक माघारी फिरले. माघारी तरी कुठे, घरी तेच चालू होतं.

एका दुपारी आई चौथ्या ओळीशी येऊन गुणगुणली, आणि बाबांनी ते दोन सूर भरले.

"अ... गो..."

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर पाणी गेलं, पेज गेली. तेवढा एकच शब्द उरला. दिवसभर, दर दहा मिनिटांनी, चालीत. आई न्हाणीत असो, कपडे वाळत घालत असो. पाणी हवं असलं तरी अगो, काही नको असलं तरी अगो.

काल मीच आग्रह केला म्हणून ती भजनाला निघाली. इस्त्रीची साडी नेसली, टाळ घेतले, फाटकापर्यंत गेली. मागून हाक आली. कडीवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग टाळ पिशवीत टाकले.

"आल्ये," म्हणाली, आणि परत फिरली.