पदराला पुसलेले हात

मिरकरवाड्याच्या बंदरावर मालनमावशीशी भाव करायला भलेभले कचरतात. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तरी तिचं तोंड शाबूत राहिलं. डायलिसिसच्या मशीनशेजारी पडून राहायला तिने साफ नकार दिला आणि पोटात नळी बसवून घेतली. दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं. मधल्या वेळात मासळी विकायची.

धाकटी बहीण तुळसा तिला किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या. पण दोनदा पोटात जंतू शिरले, पाणी गढूळ आलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. आता पुन्हा तसं झालं तर नळीच काढावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी पाणी बदलणाऱ्यांना हा त्रास का होतो, यावर डॉक्टर वेदिका संशोधन करत होती. ती रुग्णांच्या घरी जाऊन नुसती बघत बसे.

"माज्या हातांना म्हावऱ्याचा वास येतो म्हणून आलीस काय गो?" मावशीने दारातच विचारलं.

"वासाने काही होत नाही, मावशी. रोजच्यासारखं करा."

शेजारी म्हणून मीही डोकावत होतो. मावशीने मास्क बांधला, साबणाने चांगले खसखसून हात धुतले. मग कमरेला खोचलेल्या पदराला ते पुसले आणि नळीचं टोपण उघडायला घेतलं.

"थांबा," वेदिका म्हणाली.

बंदरावरची कुठली बाई ओले हात पदराला पुसत नाही? मावशीला ते कळतही नव्हतं.

"ह्याच्यामुलं झाला?"

"खात्रीने नाही सांगता येणार. पण पदरावरची घाण धुतलेल्या हातांना पुन्हा लागते. हे बंद करून बघू."

दुसऱ्या दिवसापासून, पदरच नको म्हणून, मावशी पाणी बदलताना गाऊन घालू लागली. वाडी हसली. तरी सवयीने हात कमरेकडे जायचेच. गाऊनला लागले की स्वतःलाच शिवी हासडून ती पुन्हा धुवायला उठे. एकदा मी म्हटलं, "आता पुरे."

"किडनी तुजी हाय काय?" तिने ऐकवलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. पाणी स्वच्छ येत राहिलं. एका सकाळी ती नुकते हात धुऊन बसली होती, तोच तुळसाच्या फोनवर वेदिकाचा आवाज आला. ऑपरेशनची तारीख ठरली होती.

मावशीचे डोळे भरून वाहू लागले. हात पदर शोधायला निघाले आणि हवेतच थांबले. तुळसा आपला पदर घेऊन पुढे आली.

"लांब रव," मावशी म्हणाली. "आधी पिशवी जोडू दे. मग दोघी रडू."