चोवीस वर्षांचे अप्पा

पाविया अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि त्याचे अप्पा चोवीस वर्षांचे. पावियाचे वडील थोरले काराले वारले, त्यानंतरच्या महिन्यात शेजारी मुलगा झाला. त्याला त्यांचं नाव ठेवलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे त्या दिवसापासून तो पावियाचा बाप झाला. अशा मुलाला रागावायचं नसतं, गेलेला माणूस दुखावतो. धाकटा काराले जन्मात एकदाही ओरडा न खाता वाढलाय, आणि ते दिसतं.

यंदा खाडी फेब्रुवारीत गोठली, तीही जेमतेम दोन विती जाड. मार्च अखेरीला रेडिओने सांगितलं, संध्याकाळपर्यंत हिमपठारावरून गरम वारा उतरणार. पावियाचा तीनशे गळांचा दोर हिमनदीच्या तोंडाशी, बर्फाखाली सहाशे मीटरवर होता. बर्फ फुटला तर दोर गेला. नवा दोर पहिल्या जहाजाने, म्हणजे बर्फ वितळल्यावर येतो. तोवर हंगाम संपलेला असतो.

दोर वर ओढायचा रहाट फिरवायला दुसरा माणूस हवा होता. रिकामा एकच होता.

वाटेत, जमीन खाडीत घुसते त्या टोकापाशी पावियाने स्लेजची कुत्री थांबवली. काराले स्लेजवर पाय पसरून बसला होता.

"सरळ घाल. तासभर वाचेल."

"अप्पा, टोकाखाली प्रवाह आहे. बर्फ खालून खातो तो."

काराले मोबाइल पुढे करत म्हणाला, "हा बघ उपग्रहाचा फोटो. सगळं पांढरं."

"परवाचा आहे तो."

"परवा पांढरं होतं ते आज काय हिरवं होणारे?"

पाविया उतरला. लोखंडी टोकाची काठी घेऊन पुढे गेला. तीन घाव सोसणाऱ्या बर्फावर कुत्री घालता येतात. दुसऱ्याच घावाला पाणी वर आलं.

मागून आवाज आला, "फार जोरात मारतोस तू. हळू मार."

पाविया मला नंतर म्हणाला, दुसरा कोणी असता तर त्याला त्याच भोकात घातला असता. पण हा बाप. तो परत आला आणि अगदी अदबीने म्हणाला, "अप्पा, मी नऊ वर्षांचा होतो. याच जागी तुम्ही माझ्या कानाखाली वाजवली होती. काय म्हणालात आठवतंय?"

"काय म्हणालो?"

"'अक्कल कुत्र्यांना घातलीस काय रे, टोणग्या! काळपट बर्फावर सील झोपतं, माणूस नाही. आळशी, तोंडाळ, आयतं खाणारा! तुला पोसण्यापेक्षा एक कुत्रं जास्त पाळलं असतं!'" हे पावियाने घसा ताणून, सावकाश सांगितलं. त्यातलं फक्त पहिलं वाक्य थोरल्या कारालेंचं होतं. कुत्रीसुद्धा कान पाडून बसली.

"एवढं बोललो मी?"

"कमी करूनच सांगतोय, अप्पा."

"मग घे लांबून," काराले म्हणाला.

या सगळ्यात पाऊण तास गेला. दोर सोडलेल्या भोकापाशी पोचून दोघांनी रहाट फिरवायला घेतला. दोनशे गळ आणि एकोणीस हॅलिबट मासे वर आले, तेवढ्यात वारा उतरला. उबदार, ओला. पायाखालचा बर्फ हलका उचलल्यासारखा झाला आणि स्लेजच्या मागे दोन बोटं रुंद भेग पडली.

"शंभरच राहिलेत," काराले म्हणाला.

पावियाने सुरी काढून दोर कापला.

किनाऱ्याच्या कडेकडेने परतताना टोकापाशी उघडं काळं पाणी दिसलं. काराले त्याच्याकडे मान वळवून बघत राहिला. गाव येईपर्यंत बोलला नाही. पावियाच्या मते दिवसातला तेवढाच भाग बरा गेला.

दारात पावियाची बायको निविक उभी होती. काराले तिला म्हणाला, "सूनबाई, पोरगं सरळ घालत होतं. मी वळवलं."

निविकने नवऱ्याकडे पाहिलं. तो कुत्री सोडत होता.

"बरं झालं, अप्पा होते," तो म्हणाला.

शंभर गळ गेले. खाडी यंदा पुन्हा गोठली नाही, त्यामुळे उरलेले दोनशेही खुंटीलाच राहिले. शिकारीतला पहिला वाटा बापाचा असतो. कारालेने ढीग उपसून सगळ्यात मोठा हॅलिबट निवडला. तो एकट्याला पेलेना, म्हणून पावियाने शेपटीकडून धरला आणि त्याच्या घरापर्यंत पोचवून आला.