मरळीच्या पोटात काय निघालं

आसारामअण्णांनी बादली थेट माझ्या टेबलावर ठेवली. आत चिलापी मासे, एकही बोटाहून मोठा नाही.

"मॅडम, सोडलं रोहू-कटला आन् निघालं ह्ये. तिसरं साल हाय."

अण्णा शिरूर कासारजवळच्या एका तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन. मी मत्स्यव्यवसाय विकास अधिकारी. कोणत्या तलावात कोणत्या माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडायची याची शिफारस मी करते. रोहू, कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी बाहेरून आणावं लागतं. चिलापी कुणाला आणावी लागत नाही. ती वर्षातून अनेकदा पिल्लं देते, तलावातलं खाणं संपवते आणि गर्दीमुळे स्वतःही वाढत नाही.

"बीज डबल द्या," अण्णा म्हणाले. "आन् मरळ मारायची परवानगी द्या. तीच खाती आमचं बीज. न्हाईतर पोरांना यंदा ऊसतोडीला कोयता घेऊन जावं लागतंय."

मरळ म्हणजे लांबट, काळपट, शिकारी मासा. अण्णांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी त्यांनी आणलेल्या अर्जावर सही करणारच होते, पण आधी तलाव बघू म्हटलं.

सांडव्यावर सलीमभाई गळ टाकून बसले होते. शिरूरला त्यांचं मोटारसायकलचं गॅरेज. शुक्रवारी दुपारनंतर ते इथेच असतात. शेजारी ओल्या पोत्यात हातभर लांब मरळ.

अण्णांनी बोट दाखवलं. "ही बघा चोर!"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी इंजिन खोलल्याबिगर बिघाड सांगत न्हाई. हिचंबी पोट खोला की."

त्यांनीच सुरी दिली. मी तिथेच बसून पोट उघडलं. सहा चिलापी, एक बेडकाचा पाय. रोहूचं पिल्लू एकही नाही.

"एका मरळीनं काय व्हतंय?" अण्णा म्हणाले.

बरोबर होतं. एका माशावरून तलावाचा निर्णय करता येत नाही. मी सलीमभाईंना पोटं टिकवायला फॉर्मॅलिन आणि बरण्या दिल्या. म्हटलं, "दर शुक्रवारी मिळेल त्या मरळीचं पोट यात. वर तारीख."

मला वाटलं होतं, दोन आठवड्यांत कंटाळतील. फेब्रुवारीपर्यंत एकही शुक्रवार चुकला नाही. त्यांच्या सगळ्या गळवाल्या दोस्तांनीही पोटं आणून दिली. ऑफिसातल्या शिपायाने वासाची तक्रार केली, तेव्हा मी बरण्या खिडकीबाहेर मांडल्या आणि तिथेच एकेक तपासत बसले.

सुरुवातीच्या, ऑक्टोबरच्या बरण्यांत रोहूची थोडी पिल्लं सापडली. म्हणजे अण्णाही अगदीच चुकीचे नव्हते. पण डिसेंबरनंतर फक्त चिलापी. रोहूची पिल्लं वीतभर झाली की मरळीच्या तोंडात मावत नव्हती. खरी भानगड कळली. आम्ही बीज फार लहान सोडत होतो, आणि चिलापीला आवरणारा एकच मासा मारायला निघालो होतो.

मी प्रस्ताव लिहिला. बीज निम्मं, पण दोन महिने तलावाच्या कडेला जाळीच्या कुंपणात वाढवून मगच मोकळं सोडायचं. मरळ मारायची नाही, उलट तिची थोडी पिल्लं नव्याने सोडायची.

प्रस्ताव वाचून माझ्या वरिष्ठ साहेबांनी चष्मा काढला. "शिकारी मासा? आपण सोडायचा? उद्या तक्रार आली तर?"

"उत्तर मी देईन, सर. बरण्या आहेत."

"तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं.

अण्णांना पटवणं जास्त अवघड गेलं. "आमी चोराला घरात घ्यायचं?" ते म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना बरण्या दाखवल्या. त्यांनी प्रत्येक बरणी उजेडात धरून बघितली. सारा जन्म पाण्यावर काढलेला माणूस, मासा ओळखायला त्यांना माझी गरज नव्हती. शेवटची बरणी खाली ठेवत म्हणाले, "कावून न्हाई दिसलं हे आमाला?" मग सलीमभाईंकडे वळले, "पर लहान मरळ गळाला लागली तर परत पाण्यात सोडायची. कबूल?"

"कबूल," सलीमभाई म्हणाले. "आमच्या समद्यांकडून."

पुढच्या सप्टेंबरात कुंपणात बीज पडलं. संस्थेच्या बायका सकाळ-संध्याकाळ कोंडा आणि पेंड टाकायच्या. जाळी दोनदा फाटली, दोनदा शिवली. नोव्हेंबरात कुंपण उघडलं, तेव्हा मासे वीतभर होते.

एप्रिलमध्ये पाणी उतरलं आणि ओढजाळं लावलं. मी पहाटेच पोचले होते. पहिली ओढ काठाला येईपर्यंत मी काठावर येरझारा घालत होते. लिहून दिलेला कागद आठवत होता. जाळं जड आलं. आठ माणसं ओढत होती, तरी सरकेना. आत कटला फडफडत होता, एकेक दोन हातांनी उचलावा असा. चिलापीही होती, पण थोडी, आणि तळहाताहून मोठी.

सगळ्यात मोठा कटला उचलून अण्णांनी सलीमभाईंच्या हातात ठेवला. त्यानंतरच्या हंगामात संस्थेतलं एकही घर ऊसतोडीला गेलं नाही.

साहेबांनी तोच प्रस्ताव आता जिल्ह्यातल्या आणखी तलावांसाठी मागितला आहे. वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अभिमान कुठल्याच कागदाचा वाटला नाही. पण तो जसाच्या तसा पाठवायला मी नकार दिला. दुसऱ्या तलावात मरळ काय खाते, हे मला माहीत नाही. बीजाचा अर्ज आला की मी आता आधी विचारते, तुमच्या पाण्यात आज कोणते मासे आहेत आणि ते काय खातात? उत्तर नसेल तर अर्ज परत जातो, सोबत सहा रिकाम्या बरण्या.