सोमवारी पडणारी गोपिका

गोपिका काळबांडे सोमवारी पडायची. बाकीचे धावणारे धावताना पडतात. खड्ड्यात पाय मुरगाळून घेतात, कुत्रं मागे लागलं म्हणून दुभाजकावर आपटतात. ही बाई रविवारी अंबाझरी तलावापासून सोळा किलोमीटर ठणठणीत धावून यायची आणि सोमवारी, ज्या दिवशी धावायचंच नसतं, त्या दिवशी पडायची. मंगळवारी बघावं तर चष्म्याखाली डोळा काळानिळा. आता बोला!

हे ध्यानात आलं मधुसूदन पांढरीपांडे काकांच्या. काका चौसष्ट वर्षांचे, कचेरीतून निवृत्त झालेले आणि अंबाझरीवर धावणाऱ्या सहा जणांच्या टोळीचे स्वघोषित मास्तर. कचेरी सुटली, पण वही काही सुटली नाही. वहीत प्रत्येकाचं पान वेगळं. तारीख, आज किती किलोमीटर, किती वेळात, झोप किती, आणि शेवटचा रकाना 'दुखणं'. धावून झाल्यावर चहाच्या टपरीवर वही फिरायची आणि ज्याची ओळ त्याने आपल्या हातानेच भरायची, असा दंडक होता. गोपिका भरायची. 'सोमवार. पडली. कोपर.' 'सोमवार. पडली. बरगडी.' 'सोमवार. पडली. ओठ.'

जुलैतल्या एका मंगळवारी काकांनी तिचं पान तिच्यासमोर उघडलं. लाल पेनाने केलेले अकरा गोल होते.

"गोपिकाबाई, सोमवारी तुमची विश्रांती असते. विश्रांतीत माणूस पडतो कुठे?"

"मोरीत घसरली जी, काका."

"अकरा वेळा?"

तिने चहा खाली ठेवला. "लय घसरण आहे तिथं," एवढं बोलून ती उठली आणि चहा तसाच टाकून गेली.

घसरण कसली डोंबलाची! घसरण म्हणजे तिचा नवरा. ऋषिकेशचं मानेवाड्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि ते सोमवारी बंद असायचं. दुकान बंद झालं की बाटली उघडायची, आणि बाटली अर्धी झाली की हात सुटायचा. भाजीत मीठ कमी, मूल नाही, पंखा आवाज करतो, काहीही कारण चालायचं. एकोणीस वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेजारपाजाऱ्यांना भिंतीतून सगळं ऐकू यायचं आणि ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तीन वर्षांपूर्वी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. चालता चालता ती धावायला लागली. ऋषिकेश आधी हसला. "म्हैस धावून राहिली रे!" असं गल्लीत ओरडून सांगितलं त्याने. मग ती हलकी झाली, सकाळी उठताना गुणगुणायला लागली, आणि त्याचं हसू आटलं. "कोणासाठी धावून राहिली तू?" असं विचारायचा. "सोतासाठी," हे उत्तर एकदा दिलं आणि त्या सोमवारी बरगडी गेली.

ऑगस्टातल्या एका सोमवारी तिने बूट धुऊन खिडकीत वाळत ठेवले होते. ती कणीक मळत होती. ऋषिकेशने बूट उचलले, गॅस पेटवला आणि दोन्ही बूट जाळावर धरले. घरभर जळक्या रबराची घाण पसरली. ती पिठाच्या हातांनी धावली. त्याने कोपऱ्यातला हातभर लांबीचा लोखंडी पाना उचलला आणि तिच्या नडगीवर घातला. एकदा. मग पुन्हा, त्याच जागी. दुसऱ्या वेळी कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला.

"आता धाव," तो म्हणाला आणि पाटावर बसून भात जेवला. पोटभर जेवला मेला! सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो.

दवाखान्यात प्लास्टर घालताना नर्सने विचारलं, कशा पडलात? हाडाला चीर गेलेली ही बाई म्हणते, "मोरीत घसरली."

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन दवाखान्यात आले. टोळीत कोणी जायबंदी झालं की बरं होण्याचं वेळापत्रक काका आखून द्यायचे, कधी बर्फ, कधी व्यायाम, कधी पहिलं पाऊल. गोपिकाला वाटलं, तसंच काही लिहितील. काकांनी लिहिलं, 'पहिला आठवडा: घर बदलणे. दुसरा आठवडा: मोबाइलचा नंबर बदलणे. तिसरा आठवडा: पायाची बोटं हलवणे.'

"काका, हे धावायचं वेळापत्रक आहे काय?"

"बूट चावत असला तर आपण पाय कापतो का? बूट टाकतो. आधी ते करा, बाकीचं मी बघतो."

ती एकोणीस वर्षांचं रडली. आणि दवाखान्यातून घरी गेलीच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात बाजाराच्या मागे एक खोली घेतली, तिथल्याच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये खिडकीवर नावं लिहायची नोकरी धरली. ऋषिकेश हात धुऊन मागे लागला. काटोलला तिच्या माहेरी गेला, भर संत्रा बाजारात तिच्या भावाच्या कानशिलात दोन हाणल्या आणि सगळ्यांदेखत बोलला, "सांग तुह्या बहिणीले! जिथं सापडन, तिथं दोन्ही पाय तोडतो. मंग पाहू कशी धावते तं!"

सहा महिने ती रस्त्यात प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला दचकली. तरी पाय भरला, नोव्हेंबरात ती पुन्हा अंबाझरीवर आली. फेब्रुवारीतली शहराची एकवीस किलोमीटरची शर्यत तीन तासांच्या आत पुरी करायची, एवढंच मनात होतं.

आता तिची चूक ऐका. ती करावी तर धावणाऱ्यांनीच. हे लोक शर्यतीत नाव घालतात आठ-आठ महिने आधी. जागा भरून जाते ना! या सहा जणांनी जूनमध्येच टपरीवर बसून काकांच्या मोबाइलवरून अर्ज भरले होते. अर्जात रकाना होता, काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं. गोपिकाने एका दमात नवऱ्याचा नंबर सांगितला. गॅसच्या टाकीपासून बँकेपर्यंत एकोणीस वर्षं तोच नंबर सांगत आलेली बाई! तोंडपाठ तेवढा एकच. पुढे एवढं रामायण घडलं, पण अर्जाची आठवण ना तिला राहिली ना काकांना. छातीवर लावायचा नंबराचा कागद, ज्याला सगळे बिब म्हणतात, तो हातात आला तेव्हा तिने मागच्या बाजूला पेनाने काकांचा नंबर लिहिला आणि निश्चिंत झाली. मशीनमध्ये मात्र जूनचाच नंबर बसला होता. त्यात आयोजकांना यंदा हौस सुचली. दर पाच किलोमीटरवर रस्त्यात रबरी पट्टी होती, तिच्यावर धावणाऱ्याचा पाय पडला की ती बिबामागची चिप टिपायची आणि घरच्यांच्या मोबाइलवर निरोप. घरच्यांना टाळ्या वाजवायला कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून!

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहाला ती कस्तुरचंद पार्कवरून निघाली. सहा चाळीसला पहिल्या पट्टीवर पाय पडला. तिकडे मानेवाड्यात ऋषिकेशच्या उशाशी मोबाइल वाजला: 'गोपिका काळबांडे, ५ किलोमीटर.' तो उठून बसला. दहाव्या किलोमीटरला त्याने शर्यतीचा नकाशा शोधून काढला. पंधराव्याला, फुटाळा तलावाजवळ, लोक गाणी लावून नाचत होते, गोपिकाने हसून हात हलवला आणि पट्टी ओलांडली. तेव्हा तो मोटारसायकल झाडाला टेकवून सेमिनरी हिल्सच्या चढावर उभा होता. पाना शर्टाच्या आत होता.

सतराव्या किलोमीटरला तिने त्याला पाहिलं, पण तोवर वेणी त्याच्या हातात होती.

त्याने तिला वेणीला धरून रस्त्याच्या कडेला ओढलं आणि खाली पाडलं. गिट्टीवर कोपरं सोलून निघाली. पहिली लाथ पोटात बसली. "सहा महिने लपून राहिली!" तो तिच्या छाताडावर गुडघा रोवून बसला आणि मोबाइल तिच्या नाकावर आदळला. "पाह्य! तूनंच सांगतलं मले, कुठं आहे तं!" नाकातून रक्ताची धार लागली. त्या रक्ताआडून तिने पडद्यावर आपलं नाव वाचलं. ५ किलोमीटर. १० किलोमीटर. १५ किलोमीटर. जूनमधली टपरी तिला लख्ख आठवली आणि आपल्याच जिभेचा तिला असा संताप आला की विचारू नका.

त्याने छातीवरचा बिब फाडून ओढला. पिनांबरोबर टी-शर्टही टरकला. मग त्याने पाना काढला आणि तिच्या त्याच पायाकडे पाहिलं.

एकोणीस वर्षं मार खाताना ती डोक्यावर हात घेऊन मुटकुळं करायची. आज केलं नाही. तो पाना उगारायला उभा राहिला, तशी तिने पडल्यापडल्या टाच उचलली आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या गुडघ्यावर हाणली, बाहेरच्या बाजूने. गुडघा कुठे दुखतो हे धावणाऱ्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. ऋषिकेश बोंबलत आडवा झाला. ती त्याच्यावर पडली. त्याने तिचा गळा धरला, ती त्याच्या मनगटाला रक्त येईस्तोवर चावली. पाना सुटला. तो तिने दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर नेला.

तिला त्याचं डोकं फोडायचं होतं. लपवायचं कशाला? त्या घडीला जगात दुसरं काही नको होतं. "मारू नको वं," तो रडत होता. "गोपिका, मारू नको." हेच शब्द ती एकोणीस वर्षं म्हणत आली होती.

मागून पावलं वाजली. काका धापा टाकत पोचले, पाण्याच्या टेबलावरची पोरं आणि चौकातला पोलीस धावत आले. काकांनी तिच्या हाताला हात लावला नाही. "गोपिकाबाई," ते म्हणाले, "चार किलोमीटर राहिले."

तिने पाना खाली आणला. मग तिने तो पोलिसाच्या हातात दिला आणि ऋषिकेशच्या छाताडापाशी गुडघे टेकले. बिब अजून त्याच्या मुठीत होता. तिने त्याची बोटं एकेक करून उघडली. करंगळी उघडेना, तेव्हा उलटी वाकवली. कट्कन आवाज आला आणि तो गुरासारखा ओरडला.

"तुम्ही आधी दवाखान्यात चला, ताई," पोलीस म्हणाला.

"येतो जी. आधी हे संपवतो," ती म्हणाली आणि दोनच पिनांवर बिब पुन्हा छातीवर टोचला. "याले निरोप गेला पायजे."

तीन तासांना दोन मिनिटं कमी असताना तिने शेवटची पट्टी ओलांडली. नाक सुजून वांगं झालं होतं, मोजे रक्ताने भिजले होते. गळ्यात पदक घालणारी पोरगी भेदरून दोन पावलं मागे सरली.

नाकात बोळे भरून ती आणि काका ठाण्यात पोचले. ऋषिकेश कोपऱ्यातल्या बाकावर करंगळी धरून बसला होता. त्याचा मोबाइल महिला हवालदाराच्या टेबलावर, पान्याशेजारी. गोपिका समोर बसते न बसते तो मोबाइल थरथरला. गर्दीत अडकलेला निरोप आत्ता पोचला होता. हवालदारबाईंनी तो मोठ्याने वाचला. "गोपिका काळबांडे, एकवीस किलोमीटर पूर्ण. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं."

"ऐकलं काय गा?" गोपिकाने बाकाकडे वळून विचारलं.

"आधी कधी मारलं होतं?" हवालदारबाईंनी कागद ओढला. "तारखा आठवतात?"

काकांनी पिशवीतून वही काढली, तिचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. लाल गोलांतल्या अकरा तारखा होत्या, तिच्याच अक्षरात.

हवालदारबाईंनी पान वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, पण इथे तर 'पडली' लिहिलंय. अकराही वेळा."

गोपिकाने त्यांच्या हातातलं पेन मागून घेतलं. बोटं सुजली होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं. तिने पहिल्या ओळीतला 'पडली' खोडला आणि त्याच्यावर लिहिलं, 'नवऱ्यानं मारलं'. खाली सही केली. मग दुसऱ्या ओळीवर आली.