हद्दीपलीकडच्या विड्या

उमरग्याच्या विडी कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा द्वारकाबाईनं सगळा दोष आपल्या बोटांवर घेतला. बोटं आखडल्यापासून तिच्या विड्या सैल पडायच्या, छाटात, म्हणजे नापास मालात, जायच्या. "माझ्यामुळंच मालक बुडाला," असं ती भेटेल त्याला सांगायची. मालक कसला बुडतोय! पण खरं काय ते एकट्या शरणम्माला ठाऊक होतं, आणि तिची दातखीळ बसली होती.

शरणम्माचं माहेर कानडी मुलखातलं. निजामाच्या राज्यात माहेर-सासर एकाच सरकारात होतं. पुढं राज्यं नव्यानं आखली आणि माहेर म्हैसूर राज्यात गेलं. लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या द्वारकाबाईनंच तिच्या मांडीवर सूप ठेवून तिला विडी वळायला शिकवलं. पुढं तिचा हात असा बसला, की बायका बघत राहायच्या.

मालक शिवलिंगप्पा गोड बोलण्यात पटाईत. "शरणम्मा, माहेरच्या पोरींना जरा शिकवून ये. तुझं गाव वर येईल," म्हणाला. बाई हरखली. निघताना कारखान्यातल्या बायकांनी तिची ओटी भरली.

टेंभुर्णीचं पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपून दोरा बांधायचा. माहेरच्या पोरींना तिनं सगळं जीव ओतून शिकवलं. एक दिवस उमरग्याच्या गोदामातली पानांची पोती तिथं येऊन उतरली. तिकडं मजुरी कमी होती. कारखाना इकडं हलवायचा शिवलिंगप्पाचा बेत तिला तेव्हाच कळला. तरी ती शिकवत राहिली, आणि उमरग्याला परतली तेव्हा तिथल्या कारखान्याला कुलूप लागलं होतं.

मंगळवारी द्वारकाबाई अनवाणी तुळजापूरला निघाली. कारखाना बुडवला म्हणून भवानीपुढं नाक घासणार होती. मग मात्र शरणम्माला राहवेना. तिनं द्वारकाबाईच्या दारातच तिची वाट अडवली.

"मावशी, जाऊ नगा. तुमच्या बोटांनी न्हाय, माझ्या हातानं कारखाना गेला." आणि रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं.

"तुला कवा कळलं?"

"पानाची पोती उतरली तवा."

"मग तवाच का न्हाय आलीस?"

आजारपणाचं खोटं अगदी जिभेवर आलं होतं. शरणम्माला स्वतःचीच किळस आली.

"तिथल्या पोरी मला मास्तरीण म्हनत हुत्या, मावशी. आसं कुनी कवा म्हनलंच न्हवतं. म्हनून ऱ्हायले."



"आन आमी तुला लेक म्हनत हुतो," द्वारकाबाई म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.