दादाच्या तव्यावरचा रविवार

शोभावहिनीचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. फोन उचलताच ती म्हणाली, "सुनीता, तुझा दादा गेला गं... चहा पिता पिता गेला." प्रदीपदादा माझा थोरला भाऊ. चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममधून नुकताच निवृत्त झाला होता. आता आरामात स्वयंपाक करणार, असं सगळ्यांना सांगत सुटला होता. चऱ्होलीहून संत तुकाराम नगरला दादाच्या घरी रिक्षाने जाताना डोक्यात काय यावं? आदल्याच रविवारी त्याने मला फोनवर सांगितलं होतं, "अंडरकटचं मऊ मांस चांगलं मिळालंय, स्टेक करतोय, ये जेवायला." मी म्हटलं होतं, पुढच्या रविवारी येते...

दादाच्या स्टेकबद्दल लिहायचं तर आमच्या लहानपणापासून सुरुवात करायला हवी. वडील कारखान्यात कामाला होते आणि आमच्या बिल्डिंगमध्ये आमचं एकच बौद्ध कुटुंब होतं. रविवारी आई म्हशीचं मटण शिजवायची. पण त्याआधी स्वयंपाकघराची खिडकी लावायची, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायची आणि उदबत्ती पेटवायची. कुणी विचारलंच तर "बोकडाचं" म्हणून सांगायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आई ज्या घाईने भांडी घासायची, त्यावरूनच आम्ही ते शिकलो. जेवण मात्र असं व्हायचं की बोटं चाटत राहावंसं वाटे. चिंचेचा कोळ, लसूण, लाल मिरची असं तिचं ते आंबट, झणझणीत कालवण. आम्ही ते गुपचूप, आवाज न करता खायचो.

दादाने डिप्लोमा केला, कंपनीत लागला, आणि काही वर्षांनी एका नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं. तिथे एका म्हाताऱ्या फोरमनने त्याला घरी जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आधी आईची चौकशी, मग माझ्या शाळेची... आणि मग एकदम म्हणाला, "सुने, अगं इथं पांढरा टेबलक्लॉथ अंथरून, काटे-सुऱ्या मांडून, पाहुण्याला मानाचं म्हणून आपण लपवतो तसल्याच मांसाचा स्टेक वाढतात. त्या फोरमनच्या मिसेस मला म्हणाल्या, 'तुमच्याकडे कसं करतात?' आणि मला सांगताच येईना गं." मग त्याने सांगितलं की त्या बाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो सगळं शिकून घेणार आहे.

परत आला तो जड बिडाचा तवा घेऊनच. आपल्या मुलखात बिडाचे तवे मिळत नाहीत का, म्हणून वहिनी खूप हसली. मांसाचा जाड तुकडा फडक्याने कोरडा टिपायचा, मीठ आणि भरडलेली मिरी लावायची, तवा धूर निघेपर्यंत तापवायचा आणि तुकडा टाकला की हात मागे घ्यायचा, अशी त्याची पद्धत होती. कुणी उलथनं पुढे केलं तर म्हणायचा, "थांबा राव, त्याला त्याचं काम करू द्या." तुकडा उतरवून झाकून ठेवला की त्याच तव्यात कांदा परतायचा, फेसलेली मोहरी घालायचा. त्या जर्मन बाईंच्या सॉसमध्ये व्हिनेगर होतं. दादाने पहिल्याच दिवशी त्याऐवजी आईचा चिंचेचा कोळ ओतला आणि वर गुळाचा खडा टाकला. चर्र आवाज होऊन आंबटगोड वाफ घरभर पसरली, तशी आई सवयीने उठून खिडकीकडे गेली.

"आई, राहू दे उघडी."

"आरं, वास जातोय बाहेर."

"जाऊ दे ना."

थोड्याच वेळात समोरच्या काकू दारात आल्या. आईचं आणि त्यांचं गूळपीठ होतं. दुपारी दोघी जिन्यात बसून लसूण सोलत, गव्हातले खडे काढत. काकूंनी अगदी सहज, कौतुकाने विचारलं, "काय बाई खमंग वास सुटलाय! काय केलंय?" आईने माझ्याकडे पाहिलं. दादा हात पुसत बाहेर आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "म्हशीचं मटण आहे, काकू. आमच्याकडे पहिल्यापासून करतात." काकू "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. भांडण नाही, वाईट शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जिन्यात आल्या नाहीत. पुढे काही महिन्यांनी बोलायला लागल्या, हळदीची वाटीसुद्धा मागायला यायच्या, पण दुपारचं ते बसणं गेलं ते गेलंच.

दादाला हे फार लागलं. आपण खरं बोललो, पण त्याची किंमत आईने मोजली, हे त्याच्या मनातून जाईना. एकदा माझ्यासमोरच तो म्हणाला, "आई, माझ्यापायी तुझी मैत्रीण गेली." आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "गेली खरी," ती म्हणाली. "वाईट वाटतंय मला, न्हाई कसं म्हणू? पर तू खोटं बोलला असतास, तर मला बी तेच बोलावं लागलं असतं. थकले हुते रं मी." त्यानंतर दादा दर महिन्याच्या एका रविवारी स्टेक करायचा आणि पहिलं ताट आईपुढे ठेवायचा. कंपनीतले मित्र यायचे, आवडीने खायचे. न खाणाऱ्यांसाठी तो त्याच सॉसमध्ये पनीर करायचा. ते मात्र वेगळ्या तव्यावर, आणि तसं आवर्जून सांगून.

दादाच्या नावाने वंदना घेऊन पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मागच्या रविवारी मी गेले तर दादाची मुलगी प्रज्ञा गॅससमोर उभी होती. ती हिंजवडीत नोकरी करते. बाबांसारखं करून बघते म्हणाली. वहिनी बाहेरच्या खोलीतच बसून राहिली, आई मात्र ओट्याजवळ स्टुलावर येऊन बसली. प्रज्ञाने तुकडा तव्यावर टाकला, उलटला, उतरवून झाकून ठेवला. आता थोडं थांबायचं असतं. याच वेळात दादा सगळ्यांना हाका मारून आत बोलवायचा, ओट्याला टेकून गप्पा मारायचा. त्या दिवशी हाका मारणारं कुणी नव्हतं. प्रज्ञाने आईकडे वळून विचारलं, "आजी, तुझी आई कसं करायची गं?"

आईला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. दादानेही नाही, मीही नाही. ती म्हणाली, "माझी आई व्हय? आमी गावाला हुतो तवा ती लांब लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायची. चान्या म्हनायचे त्याला. पावसाळाभर पुरायच्या. निखाऱ्यावर भाजून, तेल-मीठ लावून द्यायची... तिच्या हाताला लई चव हुती." बोलता बोलता तिने कापणं, मीठ चोळणं, पट्टी दोरीवर टाकणं हातांनी हवेतच करून दाखवलं. तिचा आवाज वाढत गेला. वहिनी उठून दारात येऊन उभी राहिली. प्रज्ञाने मोबाईल काढला, "थांब आजी, रेकॉर्ड करते."

"त्यो ठेव बाजूला," आई म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला, उरलेलं कच्चं मांस पुढे ओढलं आणि सुरी हातात घेतली. "हिकडं ये. माझ्या शेजारी हुबी राहा आन् बघ."