खिळ्यावरच्या बांगड्या

गढा नावाच्या वस्तीत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये प्लास्टिकचा चुरा करायची मशीन आहे. सगळे तिला ग्राइंडर म्हणतात. पाटन-मझौलीकडच्या गावांतून फुटक्या बादल्या, मोडके क्रेट, उन्हाने कडक झालेले शेतातले पाइप येतात. माल वरून टाकायचा, आत पाती फिरतात, खाली जाळीतून रंगीबेरंगी चुरा पडतो. तो पोत्यांत भरून पुढे जातो आणि त्याच्या पुन्हा बादल्याच होतात. लहानपणी मला यात काहीतरी थोर वाटायचं. आता कान दुखतात, एवढंच.

बाबा आधी संरक्षण कारखान्यात होते. मुदतीआधी नोकरी सोडून त्यांनी ही मशीन घेतली आणि तिकडची शिस्त जशीच्या तशी घरी आणली. मशीनपुढे अंगठी नाही, घड्याळ नाही, लांब बाही नाही. माल आणणं, पोचवणं त्यांच्याकडे. मशीन चालवायची आई. त्यामुळे तिच्या बाबतीत या नियमात बांगड्याही आल्या.

सुरुवातीला तिने ते मुळीच ऐकलं नाही. नवरा धडधाकट असताना मोकळे हात घेऊन कशी वावरू, असं तिचं म्हणणं. मग एकदा फुटक्या टबाचा तुकडा आत लोटताना त्याची कड बांगडीत अडकली आणि हात आत ओढला गेला. काच फुटली म्हणून हात सुटला. बाबांनी मशीन बंद केली, तिला खाली बसवलं, मनगटात रुतलेल्या काचा एकेक करून काढल्या. मग उठून त्यांनी शेडच्या खांबाला एक खिळा ठोकला.

जखम भरल्यावर ते स्वतः बाजारातून हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आले. एक माप मोठ्या, रोज काढता-घालता येतील अशा. त्या दिवसापासून सकाळी बांगड्या खिळ्यावर जायच्या आणि काम संपलं की हातात यायच्या. त्या घालायचे मात्र बाबा. दिवसभर मशीनशी काम केल्यावर आईच्या हातांना मुंग्या यायच्या, बोटं थरथरायची. काच हातातून निसटायची. म्हणून संध्याकाळी बाबा येऊन बटण बंद करायचे आणि आई मागे वळून न बघता दोन्ही हात बाजूला धरायची. नट बसवावा तसे ते मन लावून एकेक बांगडी चढवायचे. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत. त्यांच्या घरात कोणी असं केलं नव्हतं, म्हणून हसायच्या.

बाबा गेले ते सकाळी. चहा पिऊन खुर्चीत बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी शेडकडे धावले. दारातून आईला हाका मारल्या, पण ग्राइंडर चालू असताना हाक पोचत नाही. शेवटी मी भिंतीवरचं बटण दाबलं. पाती हळूहळू थांबत गेली.

आईने मागे वळून न बघता दोन्ही हात बाजूला धरले.

"आज काहून इतक्या लवकर बंद केली जी?" ती म्हणाली.

त्या हातांचं काय करावं ते मला कळेना. मी ते घट्ट धरले, तेव्हा ती वळली.

दुपारी नागपूरहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण. बाबांना उचलण्याआधी आईच्या बांगड्या फोडायला हव्यात, असं तिने बायकांना सांगितलं. हात बघितले तर मोकळे. कुठे आहेत विचारल्यावर कोणीतरी शेडमधला खिळा सांगितला. आत्याने मला त्या घेऊन यायला सांगितलं. मी उठणार तोच आईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ताई, फुटायच्या त्या एकदा फुटल्या, माझा हात वाचवाले," ती म्हणाली. "ह्या त्यायनं आणल्या. ह्या मी फोडू देणार नाही."

लोक काय म्हणतील, भावाच्या नावाचं काय, असं आत्या पुष्कळ बोलली आणि बोलता बोलता रडायला लागली. तिला मी दोष देत नाही. तिचाही भाऊच गेला होता. बांगड्या खिळ्यावरच राहिल्या. फोडू दिल्या नाहीत, पण आता ही त्या पुन्हा घालणार की काय, एवढीच चर्चा पुढे तेरवीपर्यंत घरात कुजबुजत चालली. मला त्या कुजबुजीचा भयंकर राग यायचा, आणि तोच प्रश्न मलाही पडला होता. आई मात्र शेडकडे फिरकलीसुद्धा नाही.

तेरवी झाल्यावर तिने मशीन सुरू केली. अंगणात पाटनचा माल साचला होता. मशीन चालली की सगळी शेड हादरते. बांगड्या दिवसभर खिळ्यावर एकमेकींवर आपटत होत्या आणि त्या गदारोळात त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता. संध्याकाळी बटण मी बंद केलं. आई पाठमोरी उभी होती. तिने मशीनच्या तोंडाशी अडकलेले तुकडे काठीने काढले, जागा पुसली, पुसलेली जागा परत पुसली. मला वाटलं, ती आता तशीच मोकळ्या हातांनी घरात जाईल.

तिने दोन्ही हात बाजूला धरले. बोटं थरथरत होती.

मी खिळ्यावरून बांगड्या काढल्या. मोठ्या मापाच्या असूनही पहिलीच अंगठ्यापाशी अडली. मी जोर लावायला घाबरत होते.

"अंगठा आत दाब," आई म्हणाली. "ते तसंच करायचे."

मी अंगठा दाबला आणि बांगडी मनगटावर गेली. आत्या शेडच्या दारात येऊन उभी होती. ती तोंडावर पदर घेऊन घरात निघून गेली. दुसऱ्या हाताच्या वेळी आईला काही सांगावं लागलं नाही.